राहाता परिसरातील मेंढी-शेळी आणि मांसोत्पादन संशोधनाचा इतिहास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, गोदावरी आणि प्रवरा या दोन नद्यांच्या दरम्यान राहाता तालुका वसलेला आहे. प्रशासकीय दृष्ट्या तो नवा. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत राहाता गाव कोपरगाव तालुक्यात मोडत होते. त्याच्या पश्चिमेला संगमनेर आहे, दक्षिणेला राहुरी. हा सगळा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बेभरवशाचा. अशा मुलखात दोन जनावरे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली: दख्खनी मेंढी आणि संगमनेरी शेळी. महाराष्ट्रात लाल मांस म्हणजे प्रामुख्याने मटण, आणि इथले मटण या दोन जनावरांवर उभे आहे.

या जनावरांचे उत्पादन वाढावे म्हणून गेल्या शतकभरात बरेच प्रयत्न झाले. सरकारी प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठे, खाजगी संशोधन संस्था, परदेशी विद्यापीठे आणि मेंढपाळ यांनी वेगवेगळ्या काळात एकमेकांशी हात मिळवले. काही प्रयोग फळाला आले, काही संस्थेच्या कुंपणाबाहेर पडलेच नाहीत. मेंढपाळाच्या फिरत्या मुक्कामावरची, म्हणजे वाड्यावरची, अडचण हाच जिथे संशोधनाचा प्रश्न झाला, तिथे उत्तर टिकले, असे हा इतिहास क्रमाने पाहिला की दिसते.

संशोधनापूर्वीचा काळ

दख्खनी मेंढी बहुतेक काळी असते. काही मेंढ्या करड्या किंवा पांढऱ्या ठिपक्यांच्या असतात. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन अठ्ठावीस-तीस किलो, तर नराचे चाळीस किलोच्या आतबाहेर भरते. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे चार प्रकार सांगितले जातात. त्यांपैकी संगमनेरी प्रकार याच भागातला. तिची लोकर राठ आणि केसाळ. तिच्यापासून घोंगडी आणि जेन होत, आणि घोंगडी विणणाऱ्या सणगरांचा धंदा या लोकरीवरच चाले.

मेंढ्या राखणारा समाज मुख्यतः धनगरांचा. चौंडी हे त्याच समाजातल्या अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. २०२४मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. पावसाळा आपल्या माळरानावर काढायचा आणि दिवाळीनंतर चाऱ्यामागे निघायचे, असा मेंढपाळांचा वर्षक्रम. कोणी घाट उतरून कोकणात जाई, कोणी नदीकाठच्या बागायतीत शिरे. काही कुटुंबे आणि त्यांची खांडे, म्हणजे मेंढ्यांचे कळप, मिळून एक वाडा होई. सामान घोड्यावर लादलेले असे. दिवसा मेंढ्या चरायला जात; नुकतीच जन्मलेली कोकरे वाड्यावर बायकांच्या देखरेखीखाली, वाघर (जाळी) लावून किंवा डालग्याखाली ठेवलेली असत. रात्री मेंढ्या शेतकऱ्याच्या रानात बसवायच्या आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा ठराव दोघांच्याही सोयीचा होता.

या व्यवस्थेत मांस हे एकमेव उत्पन्न नव्हते. खत, लोकर आणि कोकरांची विक्री अशा तीन पायांवर संसार उभा होता. नर कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की खाटकाला किंवा व्यापाऱ्याला विकले जाई. मादी कोकरे खांडात राहत. मेंढीला वेताला साधारणपणे एकच कोकरू होई. रोज मैलोगणती चालणाऱ्या आणि उन्हाळ्यात अर्धपोटी राहणाऱ्या मेंढीला दोन कोकरांना पुरेल इतके दूध येणे कठीण असते. म्हणूनच एका कोकरावर भागवणारी मेंढी या मुलखात टिकून राहिली असणार.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या भूगोलात मोठा बदल झाला. दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा यांच्यामुळे गोदावरीचे कालवे वाहू लागले. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६मध्ये पुरे झाले. पाणी आले, पाठोपाठ ऊस आला. लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५०मध्ये सुरू झाला. चराऊ रान नांगराखाली गेल्याने मेंढपाळाची वाट अरुंद झाली. दुसरीकडे उसाचे वाढे, बांधावरचा चारा आणि पीक निघाल्यावर मोकळी होणारी राने त्याला उपलब्ध झाली. फिरस्ती मेंढी आणि दावणीची शेळी या दोन पद्धती इथे शेजारी-शेजारी नांदतात, त्याचे मूळ या बदलात आहे.

वसाहतकाळातील पहिल्या संस्था

पशुवैद्यकाचे आधुनिक शिक्षण महाराष्ट्रात १८८६मध्ये मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयापासून सुरू झाले. तीनच वर्षांनी, १८८९मध्ये, पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि अल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख झाले. तिच्यापुढचा मुख्य शत्रू गुरांचा बुळकांडी रोग हा होता. साथ आली की गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. जहाल रोगजंतूंवर काम करायचे तर वस्तीपासून दूरची आणि थंड जागा हवी, म्हणून १८९३मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊंमधील मुक्तेश्वरला हलवली गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तिथे आहे.

या काळातील संशोधनात मेंढी-शेळीचे स्थान शेवटचे होते. बैल हा शेतीचा आधार आणि घोडा लष्कराचा, त्यामुळे पैसा आणि लक्ष तिकडे गेले. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाचा अहवाल १९२८मध्ये आला. त्याच्या शिफारशीवरून १९२९मध्ये कृषी संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली, तीच पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषद झाली. प्रांताप्रांतांतील कामाला एका सूत्रात ओवणारी यंत्रणा तिच्या रूपाने प्रथमच मिळाली. मेंढीचा विचार सुरू झाला खरा, पण तिच्याकडे पाहिले गेले ते लोकरीसाठी.

लोकरीचे दशक आणि त्याची मर्यादा

स्वातंत्र्यानंतरही तोच दृष्टिकोन कायम राहिला. देशाला बारीक लोकर आयात करावी लागत होती, आणि ती इथेच पिकवावी असे धोरण होते. १९६२मध्ये राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था सुरू झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस हरियाणात हिसार येथे ऑस्ट्रेलियाच्या मदतीने कॉरिडेल मेंढ्यांचा मोठा प्रक्षेत्र उभा राहिला. मेंढीपालनात भारत आणि ऑस्ट्रेलिया एकत्र आल्याचे हे सुरुवातीचे ठळक उदाहरण होय.

त्याच सुमारास, १९६८मध्ये, महाराष्ट्रात कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि राहुरी हे त्याचे केंद्र बनले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. १९७१मध्ये मेंढी-शेळीचे अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाले. एकच प्रश्न देशातील अनेक केंद्रांनी एकाच पद्धतीने तपासायचा आणि निष्कर्ष एकत्र मांडायचे, ही त्यामागची कल्पना. राहुरीत दख्खनी मेंढीचा मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींशी संकर करून पाहिला गेला. मांसासाठी डॉर्सेट आणि सफोक जातींचे संकर देशातील अन्य केंद्रांवर झाले.

संकरित मेंढीच्या अंगावर लोकर अधिक आली आणि ती बारीकही होती. तरी फिरत्या वाड्यांत या मेंढीला जम बसवता आला नाही. ऊन, लांबची चाल, अपुरा चारा आणि पावसाळी चिखल हे सारे सोसून वाढण्याची दख्खनीची ताकद संकरात उतरत नव्हती. शिवाय घोंगडीच्या मागाला काळी, राठ लोकरच हवी होती. संशोधनाचे उद्दिष्ट देशाच्या आयात-निर्यातीच्या हिशेबातून ठरले होते आणि मेंढपाळाच्या उत्पन्नाशी त्याची सांगड बसली नाही. या कामातून हाती राहिले ते नोंदींचे शास्त्र. वजने, जन्म, मृत्यू आणि वंशावळ वर्षानुवर्षे एकाच रीतीने लिहिण्याची शिस्त राहुरीत रुजली, आणि पुढच्या टप्प्याला तिचाच उपयोग झाला.

राज्य शासनाने १९७८मध्ये मेंढी व शेळी विकासासाठी पुण्यात महामंडळ स्थापन केले. ते आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या नावाने ओळखले जाते. जातिवंत नर पुरवणे आणि पशुपालकांना प्रशिक्षण देणे ही कामे त्याच्याकडे आली. प्रयोगशाळा आणि वाडा यांच्यामधला दुवा म्हणून हे महामंडळ महत्त्वाचे ठरले.

मांसाकडे वळण

दरम्यान बाजाराने आपली दिशा बदलली होती. १९७१मध्ये मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला आणि शहराची मागणी दूरदूरच्या जिल्ह्यांपर्यंत, थेट राजस्थान-गुजरातपर्यंत पोचली. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली आणि घोंगडीचे गिऱ्हाईक आटले. लोकर कातरण्याची मजुरीही सुटेना, अशी वेळ पुढे आली. उलट मटणाचा भाव चढत गेला. लाल मांसाचे इतर पर्यायही आक्रसले: महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाय आणि वासरांच्या कत्तलीवर बंदी आली. २०१५मध्ये ती बैल व वळूंनाही लागू झाली. मेंढपाळाच्या तीन पायांपैकी कोकराची विक्री हाच आता मुख्य पाय उरला.

संशोधनाने हा बदल अधिकृतपणे मान्य केला तो १९९०मध्ये. समन्वित प्रकल्पाच्या जागी मेंढी सुधारणेचा जाळे प्रकल्प आला. त्यात देशी जातींची त्यांच्याच वंशात निवड करून सुधारणा करण्यावर भर होता, आणि दख्खनी मेंढीचे काम राहुरीच्या विद्यापीठाकडे आले. परदेशी रक्त आणण्याऐवजी इथल्याच मेंढ्यांतून जलद वाढणारे नर शोधायचे, ही दिशा ठरली.

ही निवड कशी होते ते एका कोकराच्या उदाहरणाने समजते. कोकरू जन्मताच त्याचे वजन घेतात, कानात क्रमांकाचा बिल्ला बसवतात आणि वहीत आई-बापाचे क्रमांक लिहितात. तीन महिन्यांनी दूध तोडताना दुसरे वजन होते, मग सहा, नऊ आणि बारा महिन्यांनी. नुसते मोठे दिसणारे कोकरू निवडायचे नसते. त्याचा जन्म कोणत्या हंगामातला, आई पहिलटकरीण की अनुभवी, ते एकटे की जुळ्यातले, हे सगळे हिशेबात धरून त्याच्या वंशाचे मोल काढतात. या मोजणीत वरच्या क्रमांकावर आलेले नर पैदाशीसाठी ठेवायचे, काही मेंढपाळांच्या खांडांत द्यायचे आणि तिथल्या कोकरांची वजने पुन्हा नोंदवायची. सहा महिन्यांच्या वजनाला यात विशेष महत्त्व आहे, कारण कोकरू विकण्याचे वय त्याच सुमाराचे. प्रगती सावकाश होते, पण जे मिळते ते इथल्या हवामानात टिकणारे असते.

शेळीची कथा थोडी वेगळी आहे. संगमनेरी शेळी पांढरी, काळी, तपकिरी किंवा ठिपकेदार असते. नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात. ती दूधही देते आणि मांसही. नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर हे तिचे मूळ जिल्हे. मेंढीच्या मानाने तिच्यात जुळी करडे अधिक होतात. ती बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक कुटुंबांकडे असते, आणि दोन-चार शेळ्यांचा कारभार घरातली बाई पाहते. १९७९मध्ये मथुरेजवळ मखदूम येथे केंद्रीय शेळी संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या देखरेखीखालच्या समन्वित प्रकल्पात संगमनेरी शेळीचे क्षेत्र केंद्र राहुरीत आहे. या कामाचा भर विद्यापीठाच्या गोठ्यापेक्षा गावांवर आहे: गावातल्याच शेळ्यांची नोंद ठेवायची आणि गावालाच निवडक बोकड पुरवायचा.

बोकड पुरवण्यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. घरात सर्वांत वेगाने वाढलेले करडू आधी विकले जाते, कारण त्यालाच चांगला भाव येतो. बकरी ईदच्या आधी तर अशा बोकडांना मोठी मागणी असते. मागे राहिलेला हलका नर कळपाला लागतो, आणि पिढीगणिक वाढीचा वेग घसरत जातो. पैशाची गरज असलेल्या कुटुंबाला उत्तम बोकड राखून ठेवायला सांगणे व्यवहार्य नसते. अनेक घरांत मिळून एक निवडक बोकड ठेवणे आणि दर दोन वर्षांनी तो बदलणे हा उपाय परवडतो. सख्ख्या नात्यातले प्रजनन त्यामुळे टळते.

फलटण, पुणे आणि आर्मिडेल

दख्खनी मेंढीवरील सर्वांत मोठे आंतरराष्ट्रीय सहकार्य राहात्याच्या दक्षिणेला, सातारा जिल्ह्यातील फलटण येथे घडले. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली होती. १९९०मध्ये तिचा पशुसंवर्धन विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्या कन्या चंदा निंबकर यांनी सांभाळली. त्यांनी पुढे ऑस्ट्रेलियातील आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

संस्थेपुढचा प्रश्न सरळ होता. मेंढी वर्षाला एकच कोकरू देत असेल, तर मेंढपाळाचे उत्पन्न वाढायचे कसे? चराऊ रान आक्रसत असताना खांडातील मेंढ्या वाढवणे शक्य नव्हते. तेवढ्याच मेंढ्यांपासून जास्त कोकरे मिळवणे हा एकच मार्ग उरत होता.

याचे उत्तर बंगालमध्ये सापडले. सुंदरबनच्या खाजणात गारोल नावाची लहानखुरी मेंढी आढळते. तिला दोन-तीन कोकरे एकाच वेळी होतात. ऑस्ट्रेलियातही ‘बुरूला’ नावाचा मेरिनोंचा एक कळप बहुप्रसवतेसाठी प्रसिद्ध होता. न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळच्या एका कुटुंबाने जुळ्या-तिळ्यांच्या निवडीतून तो घडवला होता, आणि तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यावर पुढे काम केले. हेलन न्यूटन टर्नर या अनुवंशशास्त्रज्ञ महिलेने त्या कळपाचा पूर्वेतिहास १९८२मध्ये मांडला. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने नेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत तो धागा पोचत होता. २००१मध्ये बुरूला कळपाचे हे वैशिष्ट्य एका जनुकातील एकाच बदलामुळे येते असे वेगवेगळ्या देशांतील गटांनी सिद्ध केले, आणि २००२मध्ये गारोल मेंढीत नेमका तोच बदल आढळला. दोनशे वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेल्या गुणाचा माग अशा रीतीने पुराव्यानिशी लागला. या जनुकाला ‘फेकबी’ म्हणतात.

फलटणला १९९०च्या दशकात गारोल मेंढ्या आणून दख्खनीशी संकर सुरू झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राने या कामाला अर्थसाहाय्य दिले. पहिल्या प्रकल्पाच्या नावातच महाराष्ट्र आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांचा उल्लेख होता, आणि त्याचे उद्दिष्ट होते अधिक कोकरे देणारी, जंतांना दाद न देणारी मांसाची मेंढी. दुसरा प्रकल्प २०००नंतरचा. त्यात न्यू इंग्लंड विद्यापीठाचे अनुवंशशास्त्रज्ञ आणि परजीवीशास्त्रज्ञ सहभागी झाले. जनुकाची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हाती घेतली.

तपासणी अशी होते. कोकराच्या रक्ताच्या नमुन्यातून डीएनए वेगळा करतात, त्यातील हवा तो छोटा तुकडा यंत्रात लक्षावधी पटींनी वाढवतात आणि एका विशिष्ट एन्झाइमची त्यावर क्रिया घडवतात. जनुकात बदल असेल तर तुकडा कापला जातो, नसेल तर अखंड राहतो. जेलवर तुकडे लांबीनुसार वेगळे झाले की नुसता लांब पट्टा, नुसता आखूड पट्टा किंवा दोन्ही पट्टे दिसतात. त्यावरून कोकराकडे या जनुकाची एकही प्रत नाही, दोन आहेत की एक आहे, हे कळते. ही चाचणी नसती तर मेंढी दोन-तीनदा विण्याची वाट पाहिल्यावाचून तिचा गुण समजला नसता, आणि मेंढ्याचा गुण तर त्याच्या लेकी विण्यापर्यंत कळलाच नसता.

गारोल मेंढी जुळी देते, पण ती अंगाने दख्खनीच्या निम्म्याहून लहान. म्हणून पहिल्या संकरानंतर पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा दख्खनीकडे, विशेषतः लोणंद प्रकाराकडे, संकर वळवत नेला. अंगलोट आणि काटकपणा दख्खनीचा ठेवायचा आणि गारोलचे तेवढे एक जनुक घ्यायचे, असे हे काम होते. वाढ आणि दूध सुधारण्यासाठी कर्नाटकातील बन्नूर आणि इस्रायलमधील अवासी जातीचे रक्तही काही ओळींत वापरले गेले. यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली.

खरी परीक्षा वाड्यावर होती. बुरूला मेरिनोत तिळी-चौळी सर्रास होतात आणि त्यांतली बरीच दगावतात. फिरत्या खांडाला तीन कोकरे झेपणे शक्यच नव्हते. फलटणच्या मेंढ्यांत मात्र या जनुकाचा परिणाम सौम्य निघाला. एक प्रत असलेल्या मेंढीला बहुधा एक किंवा दोन कोकरे होत, तिळी क्वचित. मेंढपाळांच्या खांडांतील नोंदींनुसार दूध तुटण्याच्या वेळी शंभर मेंढ्यांमागे साधारण तीस ते चाळीस कोकरे जास्त हाती लागत होती. चारा बेताचा असलेल्या मेंढपाळाच्या दृष्टीने ही वाढ नेमक्या मापाची होती.

ती आपोआप मात्र मिळाली नाही. जुळी देणाऱ्या मेंढीला गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यात आणि विल्यावर थोडा खुराक लागतो. दुबळ्या कोकराला पहिल्या काही दिवसांत वरचे, बहुधा शेळीचे, दूध पाजावे लागते. ही देखरेख वाड्यावर मागे राहणाऱ्या बायकांवर पडते. म्हणून प्रकल्पाने नर वाटून काम संपवले नाही. निवडक मेंढपाळांच्या खांडांत वर्षानुवर्षे जाऊन जन्म, मृत्यू, वजने आणि विक्री लिहून घेतली. मेंढपाळांचे अनुभव ऐकूनच पुढच्या नरांची निवड झाली. नोव्हेंबर २००८मध्ये पुण्यात हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ फेकबी जनुकावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि ऑस्ट्रेलियन केंद्राने तिचे निबंध प्रसिद्ध केले. अविकानगरच्या संस्थेनेही गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून ‘अविशान’ ही जुळी देणारी मेंढी घडवली. बनबिहारी निंबकर यांना २००६मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१मध्ये त्यांचे निधन झाले.

रोग: उत्पादनाची दुसरी बाजू

जन्मलेले प्रत्येक कोकरू बाजारापर्यंत पोचत नाही, म्हणून रोगांवरील संशोधन हाही उत्पादनवाढीचाच भाग ठरतो. आंत्रविषाराने पावसाच्या सुरुवातीला, कोवळ्या चाऱ्यावर चरणारी धष्टपुष्ट कोकरे तासाभरात पडतात. देवी, नीलजिव्हा, लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प हे नेहमीचे शत्रू. यांतील अनेक रोगांच्या लसी पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होऊन जिल्ह्याजिल्ह्यांत जातात.

१९८७मध्ये तमिळनाडूत पीपीआर या नव्या रोगाची देशातली पहिली नोंद झाली. डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात चट्टे, जुलाब आणि न्यूमोनिया ही त्याची लक्षणे बुळकांडीसारखीच, म्हणून महाराष्ट्रात त्याला शेळ्यांची बुळकांडी म्हणू लागले. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेने हिमाचल प्रदेशात मिळालेल्या विषाणूपासून देशी लस तयार केली. एका टोचणीने अनेक वर्षे संरक्षण मिळते. जी संस्था १८८९मध्ये पुण्यात बैलांच्या बुळकांडीसाठी जन्मली, तिनेच शतकानंतर शेळीच्या बुळकांडीला उतारा दिला. मोठ्या जनावरांची बुळकांडी २०११मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. पीपीआरही २०३०पर्यंत नष्ट करण्याचे उद्दिष्ट जागतिक संघटनांनी ठेवले आहे.

जंतांचा प्रश्न याहून चिवट आहे. मेंढीच्या जठरातला रक्तपिपासू गोलकृमी पावसाळ्यात जनावराला आतून पोखरतो. खालच्या जबड्यापाशी सूज आणि पांढऱ्या पापण्या ही त्याची खूण. तेच ते जंतनाशक वारंवार पाजल्याने कृमी औषधाला दाद देईनासे होतात. ऑस्ट्रेलियातील मेंढीपालकांपुढेही हेच संकट होते, त्यामुळे या विषयात दोन्ही देशांची गरज एक झाली. फलटणच्या चाचण्यांत लेंडीतील अंडी मोजून जातींची तुलना झाली आणि गारोल मेंढी या कृमीला अधिक तोंड देते असे आढळले. राहात्यासारख्या कालव्याच्या भागात पाणथळ जागी गोगलगायी वाढतात, आणि त्यांच्यामार्फत यकृतातल्या चपट्या कृमीची लागण होते. बागायतीने चारा दिला, तसा हा उपद्रवही दिला.

राहात्यातील आजची स्थिती

संशोधनाचे निष्कर्ष या तालुक्यात पोचवण्याचे मुख्य काम बाभळेश्वर येथील कृषी विज्ञान केंद्र करते. प्रवरा परिसरातील एका शिक्षण व संशोधन संस्थेच्या आश्रयाखाली ते चालते. राहुरीचे विद्यापीठ जवळ, संगमनेरी शेळीचे मूळ क्षेत्र शेजारी आणि लोणीसारखा जनावरांचा बाजार हाताशी, अशी इथली जमेची बाजू आहे. बंदिस्त आणि अर्धबंदिस्त शेळीपालन इथे वाढले आहे. शेवरी, सुबाभूळ, हादगा, घास आणि उसाचे वाढे हा त्यांचा चारा. बाजारात अंदाजाने, हात लावून भाव ठरवण्याऐवजी जिवंत वजनावर विक्री करण्याकडे शिकलेले पशुपालक वळू लागले आहेत. वजनावर विक्री झाली की सुधारित नराचा फायदा थेट पैशांत दिसतो, आणि मगच त्याच्यासाठी जादा किंमत मोजण्याची तयारी होते.

धोरणातही काही बदल झाले. २०००मध्ये नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील पशुवैद्यक महाविद्यालये त्याच्याकडे गेली. राहुरीत मात्र पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्राचे काम चालू राहिले. २०१७मध्ये राज्याने राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली. तिच्यात धनगर समाजातील पशुपालकांना मेंढ्या, सुधारित नर आणि चाऱ्यासाठी अनुदान मिळते.

२०१९च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात शेळ्या सुमारे १ कोटी ६ लाख, तर मेंढ्या सुमारे २७ लाख होत्या. शेळी दावणीला राहू शकते, मेंढीला मात्र रान लागते. दोन्ही आकड्यांतील अंतराचे मोठे कारण हेच. दख्खनी मेंढीपुढचे आजचे संकट संशोधनाने एकट्याने सुटणारे नाही. चराऊ माळ वनखात्याच्या कुंपणात, औद्योगिक वसाहतीत आणि रस्त्यांखाली जात आहेत, आणि मेंढपाळांची मुले खांडामागे जाण्यास राजी नाहीत. जुळी देणारी मेंढी, जलद वाढणारा नर आणि पीपीआरची लस या तिन्ही गोष्टी हाताशी असूनही त्यांचा लाभ चारा, वाट आणि बाजार मिळाला तरच पदरात पडतो.

पुढच्या कामाची दिशाही यातून ठरते. दख्खनीच्या संगमनेरी प्रकाराची खांडे आणि संगमनेरी शेळीचे गावकळप यांच्या वजनांची आणि वंशावळींची नोंद अखंड चालू राहायला हवी, कारण खंड पडला की एका पिढीची निवड वाया जाते. नर बदलण्याची व्यवस्था गावाच्या हाती असावी. रोगनिदानाची सोय तालुक्यात मिळावी. आणि कोणत्याही नव्या प्रकल्पाची आखणी करताना विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, महामंडळ यांच्या जोडीला वाड्यावरच्या मेंढपाळाला आणि शेळी राखणाऱ्या बाईला सुरुवातीपासून विचारात घ्यावे. लोकरीच्या संकराला जे साधले नाही ते जुळ्या कोकरांच्या कामाला बऱ्याच अंशी साधले, ते याच फरकामुळे.